दुसरं जहाज

तत्त्वज्ञानाची ओळख करून घ्यायची तर सुरुवात कुठून करावी, असं कोणी विचारलं की मी पुस्तकाचं नाव सांगत नाही. एका जहाजाची गोष्ट सांगतो.

पुस्तकाचं नाव सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो. (आमच्या घरातल्या मोठ्या मंडळींच्या मते तत्त्वज्ञान हा रिटायर झाल्यावर करायचा उद्योग आहे. ही मंडळी हे वाचणार आहेत याची पूर्ण कल्पना ठेवूनच लिहितोय!) शिवाय 'माणूस मुळात चांगला की वाईट?' हा प्रश्न आपण जेवणानंतर सुपारी चघळावी तसा चघळत असतो. त्या प्रश्नाची या गोष्टीने जी पंचाईत केली आहे, ती मला तरी दुसरीकडे सापडलेली नाही.

तर, गोष्ट इ.स.पू. ४२७ मधली. अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध सुरू होऊन चार वर्षं झाली होती. खेड्यापाड्यातले लोक शहराच्या तटबंदीच्या आत येऊन राहिले होते. त्या दाटीत ४३० मध्ये भयंकर साथ आली, माणसं पटापट मेली, आणि ४२९ मध्ये अथेन्सचा सर्वांत वजनदार नेता पेरिक्लीजही गेला. अशा वेळी लेस्बॉस बेटावरच्या मिटिलिनी या शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं. लेस्बॉस म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगतचं ग्रीक बेट. मिटिलिनी हे अथेन्सचं काही दडपलेलं मांडलिक नव्हतं. त्यांचं स्वतःचं आरमार होतं, त्यांना बऱ्याच सवलती होत्या. घरच्या माणसाने पाठीत सुरा खुपसावा तसं अथेन्सवाल्यांना वाटलं. पुढे वेढा पडला, अन्न संपलं आणि मिटिलिनी शरण आलं.

आता त्यांचं काय करायचं, हे ठरवायला अथेन्सची सभा भरली. ही सभा म्हणजे आपल्या ग्रामसभेसारखी, फक्त हिच्या हातात आरमार होतं! कोणी आमदार-खासदार नाहीत. प्रत्येक प्रौढ पुरुष नागरिकाने यायचं, ऐकायचं आणि हात वर करायचा. (बायका, गुलाम आणि परके यांना प्रवेश नाही. लोकशाहीचं कौतुक करताना हे विसरायचं नाही.) लोक संतापलेले होते. ठराव झाला: मिटिलिनीतल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार मारायचं, बायकामुलांना गुलाम म्हणून विकायचं. बंड कोणी केलं, कोणी नाही, याची चौकशी नाही. त्याच दिवशी हुकूम घेऊन एक जहाज निघालं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अथेन्सवाल्यांना कसंसंच व्हायला लागलं.

हे मी रंगवून सांगत नाहीये. या युद्धाचा इतिहास लिहिणारा थ्युसिडिडीझ हे स्पष्ट नोंदवतो. दोषी माणसांऐवजी अख्खं शहर मारायचा हुकूम आपण दिला, हे क्रूर आहे, असं लोकांना वाटू लागलं. मिटिलिनीचे वकील त्या वेळी अथेन्समध्येच होते. त्यांनी आणि त्यांच्या बाजूच्या काही अथेन्सवाल्यांनी अधिकाऱ्यांना गाठलं आणि सभा पुन्हा भरवायला लावली. अधिकारीही तयार झाले, कारण बहुतेकांना तेच हवंय हे त्यांना दिसत होतं.

सभेत पहिल्या बाजूने बोलला क्लिऑन, कालचा ठराव मांडणारा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही भाषणं ऐकायला येता ते तमाशाला आल्यासारखे. काल एक, आज एक! कायदा थोडा वाईट असला तरी चालेल, पण तो टिकला पाहिजे. राज्य करायचं तर दया परवडत नाही.

त्याला उत्तर द्यायला उभा राहिला डायोडोटस नावाचा माणूस. आता मजा बघा. आपल्याला वाटेल हा दयेची भीक मागणार. छे! तो म्हणाला, मिटिलिनीचे लोक दोषी आहेत की नाहीत हा प्रश्नच बाजूला ठेवू या. आपल्या हिताचं काय, तेवढंच बघू या. घाई आणि राग या दोन गोष्टी शहाणपणाच्या मुळावर येतात. आणि मग तो माणसाच्या स्वभावाबद्दल बोलला. गरिबी माणसाला धाडस करायला लावते, श्रीमंती हाव सुटायला लावते, इच्छा पुढे धावते आणि आशा तिच्या मागून. शिक्षा कितीही कडक करा, या ओढीपुढे माणूस ती विसरतोच. मग सगळ्यांनाच मारलंत तर काय होईल? पुढचं बंड करणारं शहर शेवटच्या माणसापर्यंत लढेल, कारण शरण येऊनही मरणच असेल. शिवाय मिटिलिनीच्या सामान्य लोकांनी तर हातात शस्त्रं येताच स्वतःच्या सरदारांना शरण जायला भाग पाडलं होतं. त्यांनाही मारलंत तर उद्या कुठल्याच शहरातली सामान्य माणसं तुमच्या बाजूने उभी राहणार नाहीत.

हात वर झाले. जवळजवळ बरोबरी! डायोडोटस थोडक्यात जिंकला.

पण पहिलं जहाज निघून जवळपास एक दिवस आणि एक रात्र झाली होती. लगेच दुसरं जहाज सोडलं. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. तेव्हाच्या लढाऊ जहाजावर १७० वल्हेकरी असत, आणि एरवी जेवायला व झोपायला जहाज किनाऱ्याला लावायची पद्धत होती. या लोकांनी जहाज थांबवलंच नाही. तेल आणि मद्यात कालवलेलं जवाचं पीठ वल्ही मारता मारता खाल्लं आणि आळीपाळीने झोपले. वारा आडवा आला नाही, हे नशीब. आणि पहिलं जहाज? ते सावकाश चाललं होतं. असलं काम घेऊन जायची घाई त्यांना नव्हती. (मला या गोष्टीतला हा तपशील सगळ्यात आवडतो.) दुसरं जहाज पोचलं तेव्हा तिथल्या सेनापतीने हुकूम वाचला होता आणि अंमलबजावणी सुरू होणार होती.

शहर वाचलं. पण गोष्ट इतकी गोड नाही. बंडाचे म्होरके म्हणून पकडलेल्यांना क्लिऑनच्याच ठरावाने मारलं, आणि थ्युसिडिडीझ त्यांचा आकडा हजाराच्या वर देतो. काही अभ्यासकांना हा आकडा नक्कल करणाऱ्यांची चूक वाटते. मिटिलिनीचे तट पाडले, जहाजं जप्त केली, बेटावरची बरीच जमीन अथेन्सवाल्यांना वाटली. दुसऱ्या जहाजाच्या वल्हेकऱ्यांनाही मिटिलिनीच्या वकिलांनी वेळेत पोचल्यास मोठं बक्षीस कबूल केलं होतं. म्हणजे दया, हिशेब, बक्षीस आणि वारा, सगळ्यांची भेसळ.

आता सांगा, माणूस चांगला की वाईट? काल हात वर करणारे आणि आज हात वर करणारे बहुतेक तेच होते. रात्रीत कोणाचा स्वभाव बदलत नाही.

*

आपल्याकडे यावर घरगुती उत्तर तयार आहे. 'रागात निर्णय नको, मधे एक रात्र जाऊ दे.' घाटातल्या पाट्यासुद्धा हेच सांगतात, 'अति घाई संकटात नेई'. बरीच वर्षं मला या गोष्टीचं तात्पर्य एवढंच वाटायचं. पण अथेन्सचा इतिहास पुढे वाचत गेलं की हे उत्तर पुरत नाही.

सहा वर्षांनी, ४२१ मध्ये, स्किओनी नावाच्या शहराच्या बाबतीत अथेन्सने तीच शिक्षा खरोखर अमलात आणली. ४१६ मध्ये मेलॉस बेटाची पाळी आली. मेलॉसने बंडही केलं नव्हतं, फक्त अथेन्सच्या बाजूने यायला नकार दिला होता. पुरुष मारले, बायकामुलं विकली. दुसऱ्या दिवशी कोणाला कसंसं झालं का, कोणी सभा बोलावली का, याबद्दल थ्युसिडिडीझ एक अक्षर लिहीत नाही. मानवी स्वभाव असा सवयीनेही घडतो. जे पहिल्यांदा करताना झोप उडते, ते तिसऱ्यांदा करताना कामकाज होऊन बसतं.

मग ४०६ मध्ये आर्गिन्युसीची लढाई झाली. अथेन्सने मोठा आरमारी विजय मिळवला, पण वादळामुळे बुडत्या जहाजांवरच्या आपल्याच माणसांना वाचवता आलं नाही. लोक खवळले. आठ सेनापतींवर ठपका आला, त्यातले सहा परत आले. पहिली सभा अंधार पडला म्हणून तहकूब झाली, वर केलेले हात मोजता येईनात. म्हणजे इथे मधे एक सोडून कित्येक रात्री गेल्या! पण त्या मधल्या दिवसांत कुळाकुळांनी एकत्र जमण्याचा सण आला. आपापल्या घरातलं कोण परत आलं नाही ते तेव्हा दिसलं. झेनोफोन सांगतो की काही पुढाऱ्यांनी मुद्दाम माणसांना काळे कपडे घालून, डोकी भादरून, मृतांचे नातेवाईक म्हणून सभेत आणलं. राग उतरायच्या ऐवजी चढला. एका ठरावात सहाही जणांचा एकगठ्ठा निकाल लावायचं ठरलं, जे कायद्यात बसत नव्हतं. कोणीतरी हरकत घेतली तर जमाव ओरडला, लोकांना हवं ते करू न देणारे हे कोण?

त्या दिवशी सभेचं कामकाज बघणाऱ्या पन्नास जणांच्या मंडळात चिठ्ठीने निवडलेला एक साठीच्या पुढचा माणूस होता. बाकीचे सहकारी दरडावल्यावर गप्प बसले. हा म्हणाला, कायद्याविरुद्ध मी काही करणार नाही. त्याचं नाव सॉक्रेटिस. त्याच्या म्हणण्याचा काही उपयोग झाला नाही. सहाही सेनापती मारले गेले, त्यात पेरिक्लीजचा मुलगाही होता. थोड्याच काळात अथेन्सवाल्यांना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी ठराव मांडणाऱ्यालाच आरोपी केलं. बैल गेला आणि झोपा केला!

तेव्हा नुसता वेळ जाणं पुरेसं नाही. त्या वेळात माणसासमोर काय येतं यावर सगळं आहे. मिटिलिनीच्या वेळी डायोडोटस आला, आर्गिन्युसीच्या वेळी काळे कपडे आले.

*

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. ४०४ मध्ये अथेन्स युद्ध हरलं. स्पार्टाच्या आशीर्वादाने तीस जणांची हुकूमशाही आली. आठ महिन्यांत किमान १५०० माणसं मारली गेली असं प्राचीन लेखक सांगतात. त्या तिसांचा म्होरक्या क्रिटियस एकेकाळी सॉक्रेटिसच्या बैठकीतला. या लोकांनी सॉक्रेटिसला आणखी चौघांबरोबर एका निरपराध माणसाला पकडून आणायला पाठवलं. चौघे गेले. सॉक्रेटिस सरळ आपल्या घरी गेला.

४०३ मध्ये लोकशाहीवाले परत आले, आणि तेव्हा जे घडलं ते इतिहासात फार क्वचित घडतं. सूड घ्यायची पूर्ण संधी असताना त्यांनी शपथ घेतली: झालेल्या गोष्टी उकरून काढायच्या नाहीत. अपवाद फक्त ते तीस आणि त्यांचे काही मोजके अधिकारी. तिसांनी स्पार्टाकडून घेतलेलं कर्जसुद्धा सगळ्यांनी मिळून फेडलं! मनातून राग गेला होता असं मुळीच नाही. कोणाचा भाऊ गेला होता, कोणाचं घर गेलं होतं. ॲनिटस नावाच्या पुढाऱ्याची बरीच मालमत्ता तिसांच्या काळात लुटली गेली होती. कोणी लुटली तेही त्याला माहीत होतं. त्याने खटला भरला नाही, शपथ पाळली.

आणि चारच वर्षांनी, ३९९ मध्ये, याच ॲनिटसने आणखी दोघांबरोबर सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसवर खटला भरला. आरोप दोन: शहराचे देव मानत नाही, नवेच दैवी प्रकार आणतो, आणि तरुणांना बिघडवतो. जुन्या राजकीय गोष्टी शपथेमुळे काढता येत नव्हत्या. पण क्रिटियसची आठवण ऐकणाऱ्यांच्या मनात नव्हती असं कसं म्हणणार?

सुमारे पाचशे नागरिक न्यायाधीश म्हणून बसले. प्लेटोने जे भाषण लिहून ठेवलंय, त्यात निकाल लागल्यावर सॉक्रेटिस म्हणतो की तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर मी सुटलो असतो. आणि तिथेच तो आणखी एक गोष्ट बोलून जातो, जी आपण वाचताना सहज ओलांडून जातो. इतर काही ठिकाणी मृत्युदंडाचा खटला एका दिवसात संपवत नाहीत. तसा कायदा इथे असता तर मी तुम्हाला पटवू शकलो असतो, असं तो म्हणतो. म्हणजे त्या म्हाताऱ्याला दुसरा दिवस हवा होता. अथेन्सच्या लोकन्यायालयात अपील नव्हतं. एक दिवस, एक निकाल, विषय संपला.

योगायोग बघा, इथेही एक जहाज आहे. दरवर्षी अथेन्सहून डेलॉस बेटावर अपोलोसाठी एक पवित्र जहाज जायचं. ते परत येईपर्यंत शहरात कोणाला मृत्युदंड द्यायचा नाही, असा नेम. खटल्याच्या आदल्याच दिवशी त्या जहाजाला हार घातला गेला होता. त्यामुळे सॉक्रेटिसला सुमारे तीस दिवस मिळाले. तीस दिवस! मिटिलिनीला एक रात्र पुरली होती. या महिन्याभरात कोणी सभा बोलावली नाही. त्याच्या मित्राने, क्रिटोने, तुरुंगातून पळवून न्यायची व्यवस्था केली. तेव्हा सॉक्रेटिसने काय करावं? त्याने विषय पुन्हा चर्चेला घेतला. पळणं योग्य आहे का, आपण आजवर जे म्हणत आलो ते आज गैरसोयीचं झालं म्हणून खोटं ठरतं का, ते तपासू या म्हणाला. शहराने जे त्याच्यासाठी केलं नाही ते त्याने कोठडीत बसून केलं. मग जहाज परत आलं आणि त्याने विषाचा पेला घेतला.

*

आता तत्त्वज्ञानाकडे येतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की ओळख करून देतो म्हणाला आणि इतिहासच सांगत बसला!

हा सगळा काळ डोळ्यांनी पाहिलेल्या किंवा त्याचे चटके बसलेल्या माणसांनी माणसाच्या स्वभावाबद्दल जे म्हटलं, तिथून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा मोठा भाग सुरू होतो. थ्युसिडिडीझला स्वतःला साथ झाली होती, तो वाचला. पुढे सेनापती असताना एक शहर हातचं गेलं म्हणून वीस वर्षं हद्दपार झाला. त्याचं मत असं की माणसाचा स्वभाव आहे तोवर हे प्रकार वेगवेगळ्या रूपांत होतच राहणार. शांततेत माणसं बरी वागतात, युद्ध हे दांडगट मास्तर आहे, ते माणसाला परिस्थितीच्या पातळीवर आणून सोडतं.

सॉक्रेटिसचं मत उलट. जाणूनबुजून वाईट कोणी करत नाही. करतो तो अज्ञानातून, चांगलं काय ते नीट न कळल्यामुळे. म्हणून विचारत राहा. प्लेटोचं वय खटल्याच्या वेळी तिशीच्या आत होतं आणि क्रिटियस त्याच्या आईच्या नात्यातला. गुरूला मारणारी लोकशाही आणि नातेवाइकांची हुकूमशाही, दोन्ही बघितलेला हा माणूस. त्याने म्हटलं, माणसाच्या आत तीन भाग आहेत, विवेक, तडफ आणि वासना, आणि लगाम कोणाच्या हातात आहे त्यावर सगळं ठरतं. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल म्हणाला, कळतं पण वळत नाही ही गोष्ट खरीच आहे, सॉक्रेटिसला ती मान्य नव्हती इतकंच. चांगुलपणा सवयीने अंगी बाणतो, वीणा वाजवून वाजवूनच वीणावादक होतो तसा.

यातलं बरोबर कोण? मला वाटतं मिटिलिनीची गोष्ट चौघांनाही थोडं थोडं मार्क देते. राग खरा होता, अज्ञान खरं होतं, लगाम सुटला होता, आणि दुसऱ्यांदा विचार करायची सवय तेव्हा अजून शाबूत होती. मेलॉसपर्यंत ती मोडली होती.

म्हणून माझ्यापुरती तत्त्वज्ञानाची व्याख्या ही अशी आहे. ठरून गेलेली गोष्ट पुन्हा विचारायला घेण्याची सवय. ती शहाण्यांपुरती नाही. सभेत हात वर करणाऱ्या प्रत्येकाला, घरात रागाने फोन आपटणाऱ्याला, भावकीत वीस वर्षं अबोला धरून बसलेल्याला लागते. (नावं घेत नाही. ज्यांचं त्यांना कळेल.) ४०३ ची शपथ मला त्यासाठीच मोठी वाटते. तिने कोणाला चांगलं व्हायला सांगितलं नाही. राग असू दे, फक्त तो उगाळायचा नाही, एवढंच मागितलं. आणि ३९९ हे सांगतं की एवढं साधलेली माणसंसुद्धा एका दिवसाच्या घाईत घसरतात.

डायोडोटसबद्दल आपल्याला बाकी काहीही ठाऊक नाही. बापाचं नाव तेवढं माहीत आहे, युक्रेटीस. थ्युसिडिडीझच्या इतिहासात तो त्या एका सकाळी उभा राहतो, बोलतो आणि परत कधीच दिसत नाही. आदल्या दिवशीही तो ठरावाविरुद्ध बोलला होता आणि हरला होता. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बोलायला आला.